साडेतीन लाखांत ट्रॅक डेची गाडी: नाशिकमध्ये राहून कशी उभी करायची?

पंचवटी१५

नमस्कार मंडळी. स्पर्धेत उतरायचं नाही. वर्षातून तीन-चार वेळा ट्रॅक डेला, म्हणजे फी भरून बंद ट्रॅकवर, गाडी मनापासून चालवता यावी, एवढंच हवं आहे. एकूण रक्कम साडेतीन लाख, गाडीची किंमत त्यातच. डोळ्यांसमोर दोन गाड्या आहेत: शेवटच्या काही वर्षांतली मारुती एस्टीम एमपीएफआय, किंवा २०१० नंतरची स्विफ्ट पेट्रोल, के-सिरीज इंजिनची.

मित्राचं म्हणणं, आधी रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलणं), मोठा एअर फिल्टर आणि फ्री-फ्लो सायलेन्सर करून घे. अंबडला फॅब्रिकेशनवाले ओळखीचे आहेत, सी-क्लास पाइपात रोल केज (गाडी उलटली तर छत दबू नये म्हणून आत बसवलेला पाइपांचा सांगाडा) स्वस्तात करून देतो म्हणतात.

कोणती गाडी घ्यावी? पैसे आधी कुठे घालावेत? गाडी चालवत न्यावी की फ्लॅटबेड ट्रकवर लादून? आणि ट्रॅकवर नेमकं काय आधी जातं?

लेथवाला_सातपूर

मित्राने सांगितलेली तिन्ही कामं सध्या यादीतून काढा. १.२ लिटरच्या साध्या इंजिनात त्या तिघांतून मिळणारी ताकद ट्रॅकवर जाणवणारही नाही, आणि त्या पैशांत टायरचा अख्खा सेट येतो. नवशिक्याचा वेळ वळणात आणि ब्रेकिंगमध्ये जातो, सरळ रस्त्यावर नाही.

गाडी स्विफ्ट घ्या. एस्टीम मनात भरते हे खरं. ८५ बीएचपी, वजन नऊशे किलोच्या आत, आणि आपल्याकडच्या रॅली-रेसिंगमध्ये तिने वर्षानुवर्षं नाव काढलं. पण एस्टीमचं उत्पादन २००७ मध्ये थांबलं. आज मिळणाऱ्या बहुतेक गाड्यांचे साइड सिल, मागच्या चाकांच्या कमानी आणि शॉकअपचे टॉवर गंजलेले असतात. टॉवरचा पत्रा गेलेल्या गाडीवर कॅम्बर (चाकाचा उभा कल) टिकत नाही, मग बाकी सगळं सेटिंग वाया. शिवाय १३ इंची चाकांना पकडवाले टायर शोधताना दमछाक होते. स्विफ्टचं के१२ इंजिनही ८५ बीएचपीचंच, टायमिंग चेनचं, आणि तिचा प्रत्येक नट-बुश नाशिकमध्ये त्याच दिवशी मिळतो. कमी पैशात गाडी चालवायची तर ही गोष्ट ताकदीपेक्षा मोठी आहे. एबीएसवाली मिळाली तर पाच-दहा हजार जास्त गेले तरी घ्या. चाक लॉक होऊन टायरवर सपाट चट्टा पडला की तो टायर गेला, आणि एबीएस नेमकं तेच टाळतं.

घेताना कॉम्प्रेशन टेस्ट करूनच घ्या. चारही सिलिंडरमधला फरक १ बारच्या आत हवा. बोनेट उघडून पुढच्या अ‍ॅप्रनचे वेल्डचे ठिपके बघा. कंपनीचे ठिपके एकसारख्या अंतरावर असतात, डेंटरचे नसतात. ज्या गाडीचा पुढचा भाग एकदा सरळ केलाय ती ट्रॅकसाठी नको, बाकी कितीही चकाचक असो. रंग, सीट कव्हर, म्युझिक सिस्टिम यांचे पैसे देऊ नका.

वाटणी मी अशी करेन: गाडी १,७५,००० पर्यंत. दुरुस्ती ४५,०००. ब्रेक १५,०००. टायर २५,०००. हेल्मेट, अग्निशामक आणि हत्यारं २०,०००. उरलेले ७०,००० प्रवेश शुल्क, डिझेल-पेट्रोल आणि फ्लॅटबेडसाठी, आणि त्यांना हात लावायचा नाही. सगळे पैसे गाडीत घालून ती पार्किंगमध्ये झाकून ठेवणारे बरेच असतात.

दुरुस्तीत काय काय: चारही शॉकअप आणि त्यांचे टॉप माउंट, लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, इंजिन माउंटिंग, सीव्ही जॉइंटचे बूट, व्हील बेअरिंग, वॉटर पंप-अल्टरनेटरचा बेल्ट, कूलंटचे सगळे होज. फुटलेला सीव्ही बूट हजारभराच्या आतलं काम आहे, पण तसाच ट्रॅकवर नेला तर ग्रीस गरम एक्झॉस्टवर उडतं, धूर निघतो आणि मार्शल तुम्हाला बाहेर काढतात. गिअर ऑइल ७५डब्ल्यू-९०, आणि डब्यावर जीएल-४ असेल याची खात्री करा. जीएल-५ मधली गंधकाची रसायनं गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंग खातात. दुकानदार "त्याहून भारी आहे" म्हणून जीएल-५ देतात, घेऊ नका.

स्प्रिंग कापून गाडी खाली बसवू नका. पुढच्या मॅकफर्सन सस्पेन्शनमध्ये गाडी खाली गेली की लोअर आर्म उलट्या कोनात जातो, रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी झुकते तो) खाली घसरतो आणि गाडी वळणात उलट जास्त झुकते. मूळ उंची आणि नवे शॉकअप, बस.

घोटी_टोलनाका

वरच्या वाटणीशी सहमत, फक्त ब्रेकबद्दल सविस्तर लिहितो, कारण पहिला ट्रॅक डे बहुतेकांचा तिथेच संपतो.

हिशेब बघा. माणसासकट ११०० किलोची गाडी १४० वरून ६० वर आणली की साधारण ६८० किलोज्यूल उष्णता तयार होते. दोन लिटर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत नेण्याइतकी ही उष्णता, एका ब्रेकिंगमध्ये. त्यातली तीन चतुर्थांशाच्या आसपास पुढच्या दोन डिस्कवर पडते. प्रत्येक फेरीत असं चार-पाच वेळा. रस्त्यासाठी बनवलेले पॅड आणि वर्षानुवर्षं न बदललेलं ब्रेक ऑइल हे सोसत नाही.

ऑइल: डॉट ३ कोरडं असताना २०५ अंशांना उकळतं, डॉट ४ २३० ला. पण ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. तसं ओल धरलेलं डॉट ४ १५५ अंशांनाच उकळू शकतं. वाफ झाली की पेडल जमिनीला टेकतं. म्हणून ट्रॅक डेच्या आदल्या आठवड्यात पूर्ण १ लिटर नवं ऑइल घालून चारही चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा काढायची, म्हणजे ब्लीड करायचं. डॉट ५.१ मिळालं तर उत्तम, त्याचे किमान आकडे २६० आणि १८० आहेत. पण नुसतं "डॉट ५" हे सिलिकॉनचं असतं, ते या गाडीत चालत नाही. नाव सारखं म्हणून चुकून घेऊ नका. उघडलेला डबा पुढच्या वेळेसाठी ठेवू नका.

पॅड: मूळ कंपनीचे नको, ट्रॅकसाठी वापरता येतील असे जास्त तापमानाचे घ्या, फक्त पुढचे. मागचे ड्रम साफ करून शू अ‍ॅडजस्ट करा आणि व्हील सिलिंडर गळत नाहीत एवढं बघा. डिस्क साधी, सपाट घ्या. भोकं पाडलेली डिस्क दिसायला छान, पण भोकांच्या कडांपासून तडे जातात. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, त्याच्या जवळ आलेली डिस्क वापरू नका. पातळ डिस्क उष्णता धरत नाही.

नवे पॅड रुळवावे लागतात. हे काम गंगापूर रोडवर किंवा हायवेवर करू नका, ट्रॅकच्या पहिल्या सेशनमध्येच करा. ८० वरून २० पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा ब्रेक, पूर्ण न थांबता, मग एक संथ फेरी. तापलेल्या पॅडवर ब्रेक दाबून गाडी उभी ठेवली की पॅडचा थर डिस्कवर एकाच जागी चिकटतो आणि पुढे स्टिअरिंग थरथरायला लागतं. लोक म्हणतात डिस्क वाकडी झाली. बहुतेक वेळा ती वाकडी नसते, तो चिकटलेला थर असतो.

पेडल काय सांगतंय ते ओळखा. पेडल मऊ होऊन खोल गेलं तर ऑइल उकळलंय. पेडल दगडासारखं घट्ट पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापून गेलेत. दोन्हींत लगेच वेग कमी करून एक फेरी ब्रेक न वापरता मारा आणि पिटमध्ये या. पॅड थंड झाल्यावर परत पकडतात, उकळलेलं ऑइल मात्र पुन्हा ब्लीड केल्याशिवाय भरवशाचं नाही.

पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही. गाडी पहिल्या गिअरमध्ये, चाकाला लाकडी ओंडका.

कॉलेजरोडकर

केजबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितोय. सी-क्लास पाइप म्हणजे पाण्याचा पाइप. शिवण असलेला, बहुतेकदा जस्ताचा मुलामा असलेला. जस्तावर वेल्ड घेतला की जोड सच्छिद्र होतो, आणि वेल्डरच्या छातीत विषारी धूर जातो तो वेगळाच. अपघातात तो पाइप शिवणीवर उघडला तर त्याची धार तुमच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर असते.

एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या परिशिष्ट जे, कलम २५३ मधला नियम असा: मुख्य हूपसाठी (ड्रायव्हरच्या मागची कमान) कोल्ड ड्रॉन सीमलेस साधं कार्बन स्टील, ताणशक्ती किमान ३५० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, माप (व्यास गुणिले जाडी) ४५ गुणिले २.५ मिमी किंवा ५० गुणिले २ मिमी. बाकीचे पाइप ३८ गुणिले २.५ किंवा ४० गुणिले २. बेंड थंडच मारायचा, वळणाची त्रिज्या पाइपच्या व्यासाच्या किमान तिप्पट. वाळू भरून गॅसकटरने तापवून वाकवलेला पाइप बाहेरच्या बाजूला पातळ होतो, तो नको. पायाखाली किमान ३ मिमी जाडीची, १२० चौरस सेंटिमीटरची प्लेट आणि प्रत्येक पायाला ८.८ ग्रेडचे किमान तीन एम८ बोल्ट. अंबड-सातपूरमध्ये हे काम करणारे कुशल लोक नक्कीच आहेत, पण या मापात ते स्वस्तात होणार नाही.

आणि साडेतीन लाखांच्या बजेटमध्ये मी केज करूच नका म्हणेन. केज असलेली गाडी रस्त्यावर हेल्मेटशिवाय चालवणं धोक्याचं आहे. किरकोळ धडकेतही डोकं पाइपवर आपटतं. केज नाही तर चार पट्ट्यांचा हार्नेसही नको. मूळ सीटच्या पाठीवरून हार्नेस घेतला आणि गाडी उलटली, तर छत खाली येतं आणि हार्नेस तुम्हाला सरळ ताठ धरून ठेवतो. मूळ तीन बिंदूंचा पट्टा आणि मूळ सीट ही एकमेकांसाठी बनलेली जोडी आहे. पट्टा घट्ट बसवायचा तर सीट दोन खाचा मागे घ्या, पट्टा लावून झटका देऊन लॉक करा आणि तसाच सीट पुढे सरकवा. एअरबॅग असतील तर तशाच जिवंत ठेवा.

सुरक्षेवर आधी एवढं करा: २ किलोचा एबीसी पावडरचा अग्निशामक, आयएसआय मार्कचा, धातूच्या पट्ट्याने ड्रायव्हरच्या हाताला येईल असा बोल्टने बसवलेला. प्लॅस्टिकच्या क्लिपवर नाही. बॅटरीचा क्लॅम्प घट्ट. टोचन हुक पुढे-मागे लावलेला. गाडीत सुटं काही नाही, बाटलीसुद्धा नाही. पेडलखाली गेलेली बाटली ब्रेक अडवते.

पंचवटी१५

खूप आभार. मग केज आणि रिमॅप दोन्ही रद्द. आता उरलेले प्रश्न: १५ वर्षं भरलेली गाडी स्वस्त मिळते, ती चालेल का? विम्याचं काय? आणि टायरमध्ये हवा किती ठेवायची, प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो.

सिन्नर_बायपास

कागदांचं सांगतो. पेट्रोल खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. त्यानंतर फिटनेस आणि हरित कर भरून पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं. २०१० ची गाडी २०२५ मध्येच पंधराची झाली, म्हणून नूतनीकरण झालेली आरसी हातात बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर विकणाऱ्याकडून फॉर्म ३५ आणि बँकेचं ना-हरकत पत्र आधी.

गाडी रस्त्यावरही चालवायची असेल तर बदल जपून करा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, दोन्ही स्पष्ट आहेत: उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असे बदल नोंदणीकृत गाडीत चालत नाहीत. पॅड, ब्रेक ऑइल, शॉकअप, त्याच मापाचे चांगले टायर यात काही अडचण नाही. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर मात्र द्वारका सर्कलपर्यंतही पोचू देणार नाही. नोंदणी रद्द झालेली गाडी ट्रॅकवर चालू शकते, पण रस्त्यावर चाक टेकवता येत नाही. मग प्रत्येक वेळी फ्लॅटबेड.

विमा: आपल्याकडच्या मोटार पॉलिसीत संघटित शर्यत, वेगाची चाचणी वगैरे वगळलेलं असतं. ट्रॅकवर पत्रा वाकला तर तो खर्च तुमचा, असं धरूनच चाला. जाण्या-येण्याच्या रस्त्यासाठी विमा लागतोच.

चालवत न्यायची की नाही, हे कोणत्या ट्रॅकला जायचं त्यावर ठरतं. आपल्याला जवळचा म्हणजे तळेगावजवळचा नाणोलीचा ट्रॅक. सिन्नर, संगमनेर, चाकणमार्गे गाडी चालवत जाता येईल. चाकणची वाहतूक कोंडी धरून आदल्या रात्रीच पोचा. पिथमपूरचा नॅट्रॅक्स धुळे-सेंधव्यावरून जवळ वाटतो, पण तो वाहन-चाचणीचा तळ आहे. त्याचा ११.३ किलोमीटरचा मार्ग सलग वेगासाठी आहे, स्विफ्टला तिथे शिकण्यासारखं थोडं. कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे साधारण २.१ किलोमीटरचा, छोट्या गाडीला अगदी योग्य, आणि चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक शिकायला सगळ्यात सुंदर. पण दोन्हीकडे एका बाजूचंच अंतर हजार किलोमीटरच्या वर. तिथे दोन-तीन जणांनी मिळून ट्रेलर ठरवला तरच परवडतं. बुद्ध सर्किटची सरळ पट्टी किलोमीटरहून लांब आहे. ८५ बीएचपीच्या गाडीत निम्मा वेळ नुसतं अ‍ॅक्सिलरेटर दाबून बसावं लागतं, आणि पट्टीच्या शेवटी ब्रेकची परीक्षा. सुरुवात तिथे नको.

सराव म्हणून कसारा घाटात किंवा त्र्यंबक रोडवर गाडी पळवू नका. समोरून येणाऱ्या माणसाने ट्रॅक डेची फी भरलेली नसते.

लेथवाला_सातपूर

हवेचे आकडे वेगळे का येतात, तर कोणी थंड टायरचा सांगतं, कोणी गरम टायरचा. महत्त्वाचा आकडा गरमचा. १८५/६५ आर१५ किंवा १९५/५५ आर१५ रोड टायरवर पुढे गरम ३४ ते ३६ पीएसआय धरा. त्यासाठी थंड २९-३० वर सुरुवात करा. एका सेशनमध्ये ४ ते ६ वाढते. बाहेर आल्याबरोबर मोजा आणि जास्तीची काढून टाका. दुपारी ट्रॅक तापला की पुन्हा. संध्याकाळी निघताना रस्त्यासाठी परत भरायला विसरू नका. १२ व्होल्टचा पंप सोबत हवाच. मागे पुढच्यापेक्षा २ पीएसआय जास्त ठेवली की गाडीचं नाक सरळ निघून जाणं थोडं कमी होतं.

टायरच्या खांद्यावर पांढऱ्या बूट पॉलिशची आडवी रेघ ओढा. रेघ खांद्यावरच्या छोट्या त्रिकोणापर्यंत पुसली गेली तर हवा योग्य, त्याच्या खाली गेली तर कमी. बाहेरची कड फार झिजत असेल तर कॅम्बर कमी आहे. स्विफ्टला मुळात कॅम्बर जवळजवळ शून्य असतो. शॉकअप आणि नकल (चाक धरणारा भाग) यांच्या वरच्या बोल्टच्या जागी कॅम्बर बोल्ट टाकला की उणे दीड अंशाच्या आसपास मिळतो, खर्च नाममात्र. त्यानंतर अलाइनमेंट परत करून पुढची टो (वरून बघता चाकांचा आत-बाहेर कोन) शून्य ठेवायला सांगा. अलाइनमेंटवाला कंपनीच्या आकड्यावर आणायला बघेल, उभं राहून करून घ्या.

टायर घेताना बाजूवरचे चार अंक वाचा. ३१२४ म्हणजे २०२४ चा ३१ वा आठवडा. चार-पाच वर्षं पडून राहिलेला टायर नवा दिसतो, पण रबर कडक झालेलं असतं. सेमी-स्लिकच्या (जवळजवळ गुळगुळीत ट्रॅक टायरच्या) मागे आत्ता लागू नका. त्यांची पकड इतकी की लांब वळणात इंजिन ऑइल संपच्या (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याच्या) एका बाजूला जाऊन पंप कोरडा पडू शकतो, मग संपमध्ये बॅफल (ऑइल अडवणारा पत्रा) बसवावा लागतो. रोड टायरवर ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरलं आणि प्रत्येक सेशननंतर डिपस्टिक बघितली की पुरे. के१२ मध्ये तीन लिटरच्या आसपासच ऑइल मावतं, तेवढ्यात अर्धा लिटर कमी असणं फार झालं. ट्रॅकसाठी ५डब्ल्यू-४० सिंथेटिक, दोन ट्रॅक डेनंतर फिल्टरसकट बदली.

तापमान: डॅशबोर्डवर विसंबू नका, तो सांगेपर्यंत उशीर झालेला असतो. स्विफ्टला ओबीडी सॉकेट (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायची जागा) आहे. ब्लूटूथचा अ‍ॅडॉप्टर लावून फोनवर कूलंटचा आकडा बघा. १०५ च्या वर गेला की दोन फेऱ्या संथ. सारखा जात असेल तर आधी रेडिएटरच्या जाळीतली धूळ मागून पुढे पाण्याने काढा, मग रेडिएटरचं झाकण नवं घाला, मग थर्मोस्टॅट. याच क्रमाने, कारण पहिल्या दोन गोष्टी जवळजवळ फुकट आहेत.

पेट्रोल: ट्रॅकवर ही गाडी लिटरला पाचच्या आसपास देते. वीस मिनिटांचं सेशन सरासरी ९० ने म्हणजे ३० किलोमीटर, ६ लिटर. पाच सेशन, ३० लिटर. टाकी साधारण ४२ ची. पोचायच्या आधीच्या शेवटच्या पंपावर पूर्ण भरा. टाकी पाव झाली की लांब वळणात इंजिन अडखळायला लागतं.

वजनासाठी स्टेपनी, जॅक, मागची सीट, मॅट आणि पार्सल ट्रे पिटमध्ये काढून ठेवा. त्यापुढे सोलायची गरज नाही.

घोटी_टोलनाका

हत्यारांत टॉर्क रेंच विसरू नका. पहिलं सेशन झाल्यावर चाकं थंड होऊ द्या आणि सगळे नट मॅन्युअलमधल्या आकड्याला तपासा. अलॉय लावले असतील तर मधलं भोक ५४.१ मिमीचं आहे का, नसेल तर सेंटरिंग रिंग. सोबत पुढच्या पॅडचा जास्तीचा सेट, १ लिटर बंद ब्रेक ऑइल, १ लिटर इंजिन ऑइल, ५ लिटर पाणी, दोन जॅक स्टँड, केबल टाय. परतीला पॅड ३ मिमीच्या खाली असतील तर तिथेच बदला, त्याच पॅडवर चाकण-नाशिक करू नका.

पंचवटी१५

शेवटचं एक: बाइकचं हेल्मेट चालेल का?

कॉलेजरोडकर

फुल-फेस, आयएसआय मार्कचं, न आपटलेलं असेल तर अनेक ट्रॅक डेला चालतं. पण आयोजकाला आधी लेखी विचारा. काही जण स्नेल या संस्थेचा एसए शिक्का मागतात. एसए हे गाडीसाठीचं: आतलं कापड आगीला टिकणारं असतं आणि रोल बारवर आपटण्याची वेगळी चाचणी झालेली असते. पुढे कधी केज केलीत तर एसए घ्यावंच लागेल, म्हणून आज नवीनच घेणार असाल तर थेट तेच घ्या. सोबत पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, सुती पँट आणि पातळ तळाचे बूट. जाड तळाच्या स्पोर्ट्स शूजमध्ये ब्रेकचं पेडल कळत नाही.